काउंटरच्या पलीकडचा मंगळवार

एल्म लेक, मिनेसोटा
२ ऑगस्ट २०११

प्रिय लव्हॉन,

हे पत्र मला लिहावं लागतं आहे, कारण रविवारी चर्चच्या समितीने ठराव केला. राज्याच्या जत्रेतल्या आपल्या जेवणघराची पुढच्या वर्षीची मुख्य स्वयंपाकीण कोण, ते नाव १५ सप्टेंबरपर्यंत लिहून द्यायचं, नाहीतर जत्रेतली जागा परत करायची. एकसष्ट वर्षं आपलं चर्च तिथे लोकांना जेवू घालत आलं आहे. नाव मिळालं नाही तर बासष्टावं वर्ष होणार नाही.

मी या जत्रेनंतर थांबते आहे. गुडघे. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

पाच जणींना विचारून झालं. युनिस म्हणाली, "मी बटाटे सोलीन, मरेपर्यंत सोलीन, पण मला हुकूम सोडायला सांगू नका." दोघी ऑगस्टमध्ये तलावावरच्या घरी असतात. एकीला नातवंडं आहेत. पाचवी म्हणाली, "खिम्याचे गोळे आता पिशवीत तयार मिळतात की." तिचं नाव मीच कापलं.

गोळ्यांची कृती तुझ्या आईची आहे. मी ती कार्डावर वाचून शिकले, तू तिच्या हाताखाली शिकलीस. १९८८ मध्ये आधीच्या मुख्य स्वयंपाकीण मिसेस येल्म थांबल्या तेव्हा मी आधी तुलाच विचारलं होतं. तू नाही म्हणालीस. मग मी उभी राहिले. पुढच्या वसंतात तू मूरहेडला गेलीस आणि तिकडचं चर्च धरलंस. का, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. तुझा भाऊ मर्ल वारल्यापासून तर आपण नणंद-भावजय नाताळच्या कार्डापुरत्या उरलो आहोत. त्यामुळे पुन्हा विचारणं मला जड जातं आहे. तरी विचारते. स्वयंपाकघर घेशील का? हो किंवा नाही, इतकंच कळव.

आर्डिस


मूरहेड
९ ऑगस्ट

प्रिय आर्डिस,

अगं, तुझं पत्र पाहून मी खुर्चीत बसूनच घेतलं. पाकिटावरचं तुझं अक्षर अजून तसंच आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं.

छे छे, मला कसलं विचारतेस! एकोणसत्तर वर्षांची झाले मी. बारा दिवस, दिवसाला हजार माणसं, आणि तुझ्यासारखा दरारा मी कुठून आणू? माझ्यापेक्षा बरी कोणीतरी मिळेलच तुला. नको गं.

इकडे सगळं ठीक. परसात झुकिनी इतकी आली आहे की मी दिसले की शेजारी गाडीच्या काचा वर करतात, नाहीतर मी सीटवर चार टाकून येते.

जत्रेचं म्हणशील तर मी दर वर्षी येतेच. आमच्या चर्चची बस असते, मंगळवारी. माझा क्रम ठरलेला आहे. फाटकातून आत गेल्या गेल्या पहिलं कणीस, रांग लहान असते तोवर. मग काडीवरचा पोर्क चॉप, त्याला जरा धुराचा वास हवा. मग तळलेल्या चीजचे खडे, खारट आणि ओशट, त्यावर थंड दूध. डोनट शेवटी, बसमध्ये, म्हणजे दालचिनीची साखर मांडीवर सांडली तरी कोणी बघत नाही. आणि मधे केव्हातरी तुमच्याकडे येऊन गोळे, बटाट्याचा लगदा आणि अंडं घालून उकळून नितळ केलेली ती अंड्याची कॉफी. कॉफी अजून अगदी आईसारखी. गेल्या वर्षी मात्र रश्श्यात जायफळ फार लागलं आणि मीठही हात सुटल्यासारखं. पण त्या दिवशी ऊन फार होतं. माझीच जीभ बिघडली असेल.

गुडघ्यांना कोबीची पानं बांधून बघ.

तुझी लव्हॉन


एल्म लेक
१३ ऑगस्ट

प्रिय लव्हॉन,

तुझा नकार पोहोचला.

तू दर वर्षी आपल्या जेवणघरात जेवून जातेस आणि मला भेटत नाहीस, हे मला माहीत नव्हतं. मंगळवारी दुपारी मी फळांच्या सारणाच्या भाजलेल्या 'पाय'ची दुसरी खेप आणायला एल्म लेकला परत येते. मी नसते तोच दिवस आणि तीच वेळ तू कशी निवडलीस, ते विचारत नाही.

जायफळाबद्दल. एका भांड्याला सपाट अर्धा चमचा, तेवीस वर्षं. चमचा तोच आहे. मीठही मोजून. तुझ्या आईच्या कार्डावर आहे त्याहून एक कणही जास्त नाही. तू म्हणतेस तसं ऊन असेल.

कोबीच्या पानांचा काही उपयोग होत नाही.

समितीची मुदत तशीच आहे. पास्टर लिंडग्रेन म्हणतात, "लव्हॉनला पुन्हा एकदा विचारा, तुमचं पत्र जरा नोटिशीसारखं गेलं असेल." पत्रात काय चुकलं ते मला दिसत नाही. पण ते म्हणतात म्हणून दुसऱ्यांदा विचारते. स्वयंपाकघर घेशील का?

आर्डिस


मूरहेड
१८ ऑगस्ट

प्रिय आर्डिस,

पास्टरांचे आभार मान माझ्या वतीने. पण नको गं, खरंच नको. लोक म्हणतील, बावीस वर्षं तोंड दाखवलं नाही आणि आता पळी हातात घ्यायला आली.

मी तुला चुकवत होते, हे खरं आहे. लपवून काय करू? पण आईच्या हातचं जेवण राज्यात त्या एकाच ठिकाणी उरलं आहे, ते का सोडू?

यंदा आमची बस नाही. माणसं पुरेशी झाली नाहीत. गेल्या वर्षीच्या अर्ध्या जणी वर गेल्या आणि उरलेल्यांचे गुडघे तुझ्यासारखे. म्हणजे माझा मंगळवार रिकामा जाणार. तेव्हा एक सांगू? तुला लग्न होऊन आल्यापासून मी कधी जत्रेत खाताना पाहिलं नाही. आधी भांडी घासत होतीस, मग हिशेब बघत होतीस, मग गोळे. पन्नास वर्षं जत्रेत उभी राहून तू जत्रेचं काय खाल्लंस? मिसेस येल्म दर वर्षी एक दिवस पदार्थ चाखत फिरायच्या, आठवतं? म्हणायच्या, रांगेत उभं राहिल्याशिवाय पलीकडच्या माणसाची भूक कळत नाही.

तर माझा मंगळवार तू घे. 'पाय'ची खेप युनिसला आणू देत. सगळीकडे फीर, खा, आणि मला सगळं लिही, काही गाळू नकोस. मी इथे बसून तुझ्या पत्रातून जेवेन.

नाही म्हटलं आहेच, ते काही बदललेलं नाही.

लव्हॉन


सेंट पॉल, जत्रेतून
३१ ऑगस्ट

प्रिय लव्हॉन,

काल तुझा मंगळवार मी पार पाडला. सांगितल्याप्रमाणे सगळं लिहिते.

साडेनऊला एप्रन काढून खुंटीवर टांगला. युनिसने बटाटे टाकले आणि विचारलं, "आर्डिस, डॉक्टरला फोन करू का?"

"मी खायला जाते आहे."

"कुठे?"

"बाहेर."

तिने पूर्ण स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आर्डिस खायला चालली आहे!" दोघी खिडकीपाशी येऊन मला जाताना बघत राहिल्या.

पहिलं कणीस. रांगेत अकरा जण होते. साल मागे ओढून त्याचीच मूठ करतात आणि आख्खं कणीस लोण्याच्या डब्यात बुडवून काढतात. दाणे टणक आणि भरलेले. लोणी मनगटावरून कोपरापर्यंत आलं. कागदी रुमाल एकच देतात, निदान तीन द्यायला हवेत.

मग काडीवरचा पोर्क चॉप. गरम. कडेने कुरकुरीत, हाडाजवळ चिवट. चालत खाण्याचा पदार्थ नव्हे हे माझं मत कायम आहे, तरी आठशे लोक चालत खात होते. नंतर काकडीच्या लोणच्याच्या तळलेल्या चकत्या. आवरण कडक, आतून पाणी सुटतं, टाळू पोळला. लिंबाचं सरबत, बर्फ फार. मधाचं आइसक्रीम, मऊ, तीन मिनिटांत वितळतं. एका गाड्यावर वेफर्सचा चुरा लावून काहीतरी तळलेलं काडीवर दिलं. काय आहे ते विचारलं तर पोरगी म्हणाली, "बाई, ते कोणालाच माहीत नाही, पण संपतं." ते मऊ होतं.

दूध दोन पेले प्याले. थंड होतं. गायींच्या गोठ्यातून आलेले शेतकरी पाच-पाच पीत होते. पोट किती ताणतं याची त्यांच्यात पैज लागली होती, एकाने कंबरपट्टा सोडला होता.

दुपारी पाय दुखले म्हणून डुकरांच्या गोठ्याजवळच्या बाकावर बसले. बाकावर एक वयस्क जोडपं होतं, त्यांनी सरकून जागा दिली. माझ्याकडे तळलेल्या चीजच्या खड्यांची द्रोणासारखी कागदी होडी होती. जागा दिली तर आपलं खाणं मधे ठेवावं, म्हणून ठेवली. तिघांनी खाल्लं. बाहेरून कुरकुरीत, आत तार निघते. शेवटी एक खडा उरला.

मी म्हटलं, "घ्या."

तो म्हणाला, "छे छे, तुमचं आहे ते."

"घ्या की."

"नको, पोट भरलंय."

मी उचलला आणि खाल्ला.

तो माणूस रिकाम्या होडीकडे असा बघत राहिला, जणू त्याची डुकरीण बक्षिसावाचून परत आली होती. त्याच्या बायकोला हसू आवरेना. म्हणाली, "बाई, अजून एकदा विचारायचं होतंत! हा दोनदा नाही म्हणतो, तिसऱ्यांदा घेतो. सत्तेचाळीस वर्षांत दोनदा विचारून याने काही खाल्लेलं नाही."

तो म्हणाला, "जाऊ दे गं, नव्हतीच मला भूक."

"दुसरी होडी आणू?"

"नको."

"हे एक झालं," ती मला म्हणाली.

लव्हॉन, ही रीत मला माहीत नाही असं नाही. कॉफीला, केकला मी प्रत्येकाला तीनदा विचारते, इथे राहणाऱ्या कुठल्याही माणसासारखी. पण कामालाही ती लागू आहे हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. काम हा काही केकचा तुकडा नाही. गृहविज्ञानाची पदवी घेतली तेव्हा आम्हाला शिकवलं होतं, स्वयंपाकघरात नाही म्हणजे नाही, नाहीतर कोणीतरी भाजतं.

बाकावरून उठायला मला वेळ लागला. गुडघ्यांमुळे नाही.

१९८८ मध्ये मी तुला किती वेळा विचारलं होतं? आकडा लिही.

डोनटची पिशवी तळाशी तेलकट होते आणि डोनट हातालाच चिकटतात. गाडीवाला म्हणाला, "आजी, इतकं गंभीर तोंड करून कोणी डोनट खात नाही." मी म्हटलं, "मी खाते."

आर्डिस


मूरहेड
५ सप्टेंबर

प्रिय आर्डिस,

दोन.

पहिल्यांदा चर्चच्या पायऱ्यांवर, उपासनेनंतर. दुसऱ्यांदा फोनवर, सोमवारी. मी दोन्ही वेळा म्हटलं, माझ्यापेक्षा बरी मिळेल. मंगळवारी मी एप्रनसाठी निळ्या चौकटीचं कापड आणलं. बुधवारी घराबाहेर पडले नाही, फोन वाजेल म्हणून. गुरुवारी मर्लने येऊन सांगितलं, "आर्डिस स्वतःच करते आहे, तिला कोणी मिळालं नाही." बिचाऱ्याला वाटलं मला बरं वाटेल. मी त्याला कॉफी दिली आणि म्हटलं, छान झालं.

तिसऱ्यांदा मी हो म्हणणार होते. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर मग विचारण्याला काय अर्थ राहिला? हा माझा मूर्खपणा आहे, मला कळतं. तेवीस वर्षं मूर्खपणा करायलाही चिवटपणा लागतो.

पण मला आज दुसरंच विचारायचं आहे. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मी त्यातून जेवणार होते ना? पहिल्यांदा हसले, कंबरपट्ट्यावर आणि डोनटवर. दुसऱ्यांदा भूक लागेना. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. गरम, थंड, कडक, मऊ, चिवट, चिकट, तेलकट. नऊ पदार्थ, आर्डिस, आणि एकाचीही चव नाही. लोणचं खाल्लंस आणि पाणी सुटतं असं लिहिलंस. आंबट कुठे आहे? पोर्क चॉपचा धूर कुठे आहे? डोनटच्या गाड्यापाशी तर दालचिनी अंगावर धावून येते, आणि तू पिशवीच्या तळाबद्दल लिहितेस. तू कोणाच्या गोळ्यात बडीशेप आहे हे दारातून ओळखणारी बाई.

जायफळ उन्हाचं नव्हतं ना?

केव्हापासून?

लव्हॉन


एल्म लेक
८ सप्टेंबर

प्रिय लव्हॉन,

गेल्या वर्षीच्या मार्चपासून. आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि वास त्याच्याबरोबर गेला. डॉक्टर म्हणाले, वर्षभरात परत आला तर आला. वर्ष होऊन सहा महिने झाले. जिभेच्या टोकाला खारट आणि गोड थोडं कळतं. बाकी सगळं ओला पुठ्ठा.

गुडघे उत्तम आहेत. गुडघ्यांचं मी खोटं लिहिलं.

जायफळ मी मोजूनच घातलं. पण युनिसने आधीच घातलेलं असायचं, आणि मला नाकाने कळायचं नाही म्हणून मी पुन्हा घालायचे. मिठाचंही तेच. गेल्या वर्षी किती भांडी तशी गेली, मला माहीत नाही. कोणी बोललं नाही. लोकांनी "वेगळं लागतंय" म्हणत संपवलं आणि आभार मानून गेले. आपले लोक असेच आहेत, उकळतं पाणी दिलं तरी छान आहे म्हणतील. यंदा युनिसला फक्त बटाट्यांवर ठेवलं आणि कृती अक्षर न अक्षर केली. तरी रोज सकाळी पळी तोंडाला लावून मान डोलवायचे. ती मान डोलावणं खोटं होतं. जी स्वयंपाकीण चाखल्याचं नाटक करते तिने थांबलं पाहिजे. शाळेत शिकवायचे तेव्हा विद्यार्थिनींना मी हेच सांगितलं असतं.

मी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर समितीतले लोक गेल्या वर्षीच जागा परत करून मोकळे झाले असते. त्यांना तेवढं निमित्त पुरलं असतं.

मंगळवारबद्दल. मी गाळलं काही नाही, जे होतं ते लिहिलं. तुला एवढंच सांगते, की रांगेत उभी असताना पुढच्या माणसांची तोंडं मी बघत होते. पहिला घास घेताना सगळे डोळे मिटतात. हे मला काउंटरच्या आतून कधी दिसलं नव्हतं, आत असताना मी ताटाकडे बघते. तुझ्या आईच्या गोळ्यांना लोक तसे डोळे मिटतात का, हे मला पाहायचं आहे. मी ते चाखू शकत नाही, पण पाहू शकते.

लव्हॉन, मुदत पंधराला संपते. तिसऱ्यांदा विचारते. जेवणघर जाऊ नये म्हणून विचारते, आणि १९८८ चं राहिलेलं म्हणूनही विचारते. ये आणि स्वयंपाकघर घे.

आर्डिस


मूरहेड
११ सप्टेंबर

आर्डिस,

हो.

पास्टरांना आजच फोन करून नाव दिलं, पत्र वेळेत पोहोचेल का नाही म्हणून. ते म्हणाले, "देवाची कृपा." मी म्हटलं, चीजचीही थोडी.

दोन अटी. तू घरी बसायचं नाहीस. गोळा किती घट्ट झाला ते तुझ्या हाताला कळतं, माझे हात थरथरतात आता. तू वळ, मी चाखते. दुसरी, मंगळवारी दोघी बाहेर. तू लोकांची तोंडं बघ, मी तुला सांगते ते कशामुळे डोळे मिटताहेत.

गुरुवारी २२ तारखेला येते. निळ्या चौकटीचं कापड अजून आहे, शिवलेलं नाही. तुझं मशीन चालतं का?

लव्हॉन


जेवणघराच्या स्वयंपाकघराचा ताबा: नोंद
एल्म लेक चर्चचं तळघर, शनिवार, २४ सप्टेंबर २०११, सकाळी दहा

आर्डिस क्वाम यांनी लव्हॉन स्टेनरूड यांच्या ताब्यात दिलं:

जेवणघराच्या किल्ल्या, दोन. मागच्या दाराची किल्ली जरा उचलून फिरवावी लागते.

अंड्याच्या कॉफीची मोठी किटली, झाकणासह. दांडा यंदा नवा बसवला.

खिम्याची मोठी पातेली, तीन. तिसऱ्याला पोचा आहे, तो मिसेस येल्मच्या काळापासूनचा.

जायफळाची किसणी, आणि सपाट अर्ध्या चमच्याचं माप.

लव्हॉनच्या आई, दिवंगत मिसेस क्वाम, यांच्या हातची गोळ्यांची कृती, एक कार्ड. पाठीमागे मी आजच्या तारखेने लिहिलं आहे: "जायफळ एकाच व्यक्तीने घालावं, आणि त्या व्यक्तीला वास येत असावा."

कामाला येणाऱ्यांची यादी. युनिसच्या नावापुढे "हुकूम सोडायला सांगू नये" अशी खूण.

एप्रन, निळ्या चौकटीचा, एक. काल शिवला. खिसा लव्हॉनच्या सांगण्यावरून मोठा ठेवला.

युनिसने ताब्याच्या निमित्ताने भाजून आणलेला, रुबार्बच्या आंबट देठांचा 'पाय'. तिघींनी खाल्ला. युनिस बटाट्यांची पोती मोजायला गेली तेव्हा एक तुकडा उरला होता. तो लव्हॉनला तीन वेळा विचारून दिला. तिने डोळे मिटले. म्हणाली, साखर जास्त, आंबट कमी, पण कडा उत्तम. तशी नोंद केली.

देणार: आर्डिस क्वाम
घेणार: लव्हॉन स्टेनरूड